जितेंद्ररावांचा भरतीचा कार्यक्रम

...आणि वर मलाच विचारतात, "सुमेधभाऊ, यात माझं काय चुकलं?" आता काय सांगायचं या माणसाला? तुम्हाला सांगतो, चंद्रावर बोलायला निघालेला माणूस हातात मोसंबं घेऊन नणंद-भावजयीच्या भांडणात जाऊन उभा राहतो, ते भांडण अर्धी वसई घरबसल्या ऐकते, कोण रडतंय, कोण टाळ्या वाजवतंय, पाचूबंदरला माशांचा लिलाव मध्येच थांबतो... आणि कार्यक्रम कसला होता? विज्ञानाचा!

पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? आधी माणूस कळायला हवा.

जितेंद्र गोलतकर. आमच्याच बिल्डिंगमध्ये, मनवेलपाड्याला, बरोब्बर माझ्या डोक्यावर राहतात. अंधेरीला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते, आता निवृत्त. माणूस सोन्यासारखा, हाकेला धावणारा, पण खोड एकच... समजावून सांगतात. तुम्ही विचारा, नका विचारू, ते सांगणार. मागे आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत पहिल्या मजल्यावरच्या देसाईकाकू, भाजीची पिशवी घेऊन. जितेंद्रराव धावले. जाळीतून खाली वाकून म्हणतात कसे, "काकू, घाबरू नका. तुम्ही खाली का पडत नाही आहात, हे आधी समजून घ्या." काकू आतून ओरडतायत, "अहो, मला बाहेर काढा आधी!" "काढतो ना, पण वरच्या बाजूला एक वजन असतं, ते तुमच्या वजनाच्या..." "माझ्या वजनाचं नाव काढायचं नाही!" म्हणत काकूंनी आतून दुधी भोपळा घेऊन जी जाळीवर बडवायला सुरुवात केली!

तर असा माणूस दिवसभर घरात. वहिनींची, म्हणजे संपदावहिनींची, दशा काय झाली असेल? कुकरची शिट्टी झाली की दाबावर व्याख्यान. दूध उतू गेलं की पृष्ठताण. गॅस बंद करायचं कुणी बघायचंच नाही! शेवटी एक दिवस वहिनींनी पेपरातली जाहिरात फाडून पुढ्यात ठेवली. आगाशीच्या सामुदायिक रेडिओला कार्यक्रम करणारी माणसं हवी होती. कला, संगीत, विज्ञान, पर्यावरण, काहीही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर जा. तिथं माणूस बंद करायला बटण असतं."

रेडिओ सुरूबन म्हणतात त्याला. आगाशीला बाजाराच्या मागे भाताची जुनी गिरणी आहे ना, तिच्या माळ्यावर. भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं एवढ्या गाद्या, पाहुणे आलेत की काय! सकाळी भजनं आणि चर्चमधली गीतं, मग वाडीवाल्यांसाठी केळीवरचे रोग, दुपारी शाळेतल्या पोरांची नाटकं, खाडीवर येणारे पक्षी, कोणाची बासरी, कोणाचं व्हायोलिन, सगळं गावचंच. आणि हे सगळं सांभाळणारी सुझान, आगाशीचीच मुलगी, बोलायला गोड पण कामाला खमकी. तिनं जितेंद्ररावांना शनिवारी सकाळचा अर्धा तास दिला. कार्यक्रमाचं नाव 'आपलं विज्ञान'. पहिला विषय यांनी स्वतः ठरवला... उधाणाची भरती का येते.

आणि हे महाशय स्टुडिओत आले ते एक मोसंबं आणि एक रबरी चेंडू घेऊन! म्हणे चेंडू ही पृथ्वी, मोसंबं हा चंद्र. सुझान म्हणाली, "काका, रेडिओवर दिसत नाही." तर म्हणतात, "मी वर्णन करीन ना. आता मोसंबं डावीकडे गेलं, आता मोसंबं चेंडूमागे लपलं..." सुझाननं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "काका, असं करा, पाचूबंदरला जा. भरती रोज बघणारी माणसं आहेत तिथं. त्यांना बोलू द्या, ते रेकॉर्ड करून आणा. आणि एक विनंती... तुम्ही कमी बोला."

कमी बोला! तुम्हाला सांगतो, माशाला म्हणावं कमी पोह, तशातला प्रकार.

जायचं कशावरून? माझ्या स्कूटरवरून. ही एक वेगळीच गंमत आहे, विज्ञान यांचं आणि स्कूटर माझी. मनवेलपाड्यापासून पार वसईच्या किल्ल्यापर्यंत मागून माझ्या कानात चंद्र! सिग्नलला थांबलो की ओहोटी, सुटलो की भरती. किल्ल्याच्या बुरुजाशी आलो तेव्हा मला स्वतःलाच बोट लागल्यासारखं झालं होतं.

पाचूबंदरला पोचलो. बोंबील दोऱ्यांवर वाळत घातलेले, जेट्टीवर लिलावाची ओरड, बर्फाच्या पेट्या, मांजरं पोट फुगवून झोपलेली. आणि जितेंद्रराव त्या गर्दीत मध्यभागी उभे राहिले, रेकॉर्डिंगचं मशीन चालू केलं, घसा साफ केला आणि विचारलं, "मी रेडिओसाठी आलोय, मला पाण्याबद्दल माहिती हवी आहे. इथं कोण चांगलं सांगू शकेल?"

आता बघा, या वाक्यात चुकीचं काय आहे? काही नाही. पाणी म्हणजे समुद्राचं पाणी, भरतीचं पाणी, आणखी कुठलं? पण त्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, एकदम खूश झाल्या, आणि एक म्हणाली, "पान्याचा? पान्याचा तर लिलीबायलाच येते!" दुसरी म्हणाली, "लिलीबाय, ए लिलीबाय! रेडिओवाले आले गो, पान्याचा इचारतात!" आणि आम्हाला दोघांना अक्षरशः ढकलत ढकलत गल्लीत नेलं. पायरीवर एक बाई सुकट निवडत बसलेल्या. अंगानं भरलेल्या, कपाळावर आठी, नाकावर चष्मा. ह्या लिलीबाई. जितेंद्रराव नमस्कार करून म्हणाले, "ताई, पाण्याचं सांगा." लिलीबाईंनी सुकटीचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, समोरच्या घराच्या खिडकीकडे एकदा बघितलं, आणि...

गायला लागल्या!

"पान्याला निंगाल्या बाया गो, बाया गो,
कोनाची घागर गलते?
नवरीचे आयची घागर गो, घागर गो,
वाटंत पानी सांडते!"

आवाज कसा म्हणता? अहो, त्या आवाजानं छपरावरचे कावळे उडाले! भरदार, खणखणीत, खोबरं फोडावं तसा. लग्नाच्या आधी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात ना, त्या वेळचं हे गाणं, पाण्याचं गाणं. जितेंद्रराव हातात मशीन धरून उभे, तोंड उघडं, चेहऱ्यावर असा भाव की चंद्रानंच यांना फसवलं. माझ्या कानात म्हणतात, "सुमेधभाऊ, यांना थांबवायचं कसं?" म्हटलं, आता कळलं? आम्हाला रोज हाच प्रश्न पडतो!

पण गंमत पुढे आहे. एक कडवं झालं की बाई थांबायच्या. गप्प. मग पुढचं कडवं. पुन्हा गप्प. मध्ये पायरीएवढी जागा मोकळी. जितेंद्ररावांतला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. "ताई, मधे काहीतरी राहतंय."

"राहते ना. ते माजा नाय. एक बाजू नवऱ्याकडची, एक नवरीकडची. ह्यांनी चिडवायचा, त्यांनी उत्तर द्यायचा. लग्न कोनाचापन असू दे, नवऱ्याकडची मी. नवरीकडची..." आणि हनुवटी नुसती समोरच्या खिडकीकडे उडवली. "तिकडं."

"मग त्यांना बोलवू या की!"

तुम्हाला सांगतो... निवडलेली सुकट पुन्हा न निवडलेल्यात पडली. आम्हाला ढकलत आणणाऱ्या बायकांना अचानक घरची कामं आठवली.

झालं होतं असं. समोरच्या घरातल्या कार्मिनबाई म्हणजे लिलीबाईंच्या भावाची, फ्रेडरिकची बायको. नणंद-भावजय, पण जोडी अशी की पाचूबंदरला या दोघींशिवाय कोणाचं पाणी आणलं जायचं नाही. लिलीबाईंच्या वडिलांची होडी होती, तिचं नाव 'लिली'. लेकीचं नाव हो, हौसेनं ठेवलेलं. वडील गेले, होडी फ्रेडरिककडे आली, त्यानं एका पावसाळ्यात ती खरवडून नवीन रंग लावला, आणि नाव लिहिलं... 'कार्मिन'! बस्स. त्या दिवसापासून लिलीबाईंनी समोरचं दार बघायचं सोडलं. समोरासमोर दारं, मध्ये एक हातगाडी जाईल एवढी गल्ली, आणि वर्षानुवर्षं बोलणं नाही. एकीनं बोंबील बाहेर घातले की दुसरी आत.

आम्ही स्कूटरकडे परत निघालो, तर मागून एक मुलगी पळत आली. प्रीतल, कार्मिनबाईंची लेक, नर्स आहे. म्हणाली, "अंकल, प्लीज, मम्मीचं पण रेकॉर्ड करा ना. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. आत्या आमच्या घरी पाय ठेवत नाय, मम्मी तिच्या दारात जात नाय, आणि पाणी आणायला आता मोबाईलवरचं गाणं लावणार म्हणतात. लहान होते तेव्हा प्रत्येक लग्नात या दोघींचंच ऐकलंय. माझ्याच लग्नात स्पीकर लावायचा?" आणि पोरीचे डोळे भरले.

जितेंद्रराव गप्प. हा माणूस गप्प, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मशीनकडे बघितलं, खिशातल्या मोसंब्याला हात लावला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सुमेधभाऊ, भरती काय, रोजच येते." आणि चालले समोरच्या घरात. आणि कार्यक्रम कसला? विज्ञानाचा!

कार्मिनबाई म्हणजे लिलीबाईंच्या अगदी उलट. बारीक, तुरतुरीत, डोळे मिश्कील. आमच्यापुढे चहा ठेवून पहिला प्रश्न काय? "ती काय गायली?" जितेंद्ररावांनी मशीन लावलं. बाई ऐकतायत. 'नवरीचे आयची घागर गो' आलं तसा एक भुवई वर. 'वाटंत पानी सांडते' आलं तशी दुसरी. मग ताडकन उठल्या, कमरेला पदर खोचला आणि त्या मोकळ्या जागेत उत्तर असं बसवलं की काय सांगू...

"सांडला पानी वाटंला गो, वाटंला गो,
वाटंला फुलली जाई,
आत्याला फुलां दिसंनात गो, दिसंनात,
तिला चष्मा द्या गो बाई!"

जितेंद्रराव म्हणाले, "इतक्या जुन्या गाण्यात चष्मा?" बाई म्हणाल्या, "माणूस बघून कडवा बदलते." मग एकामागून एक उत्तरं. आणि सगळ्यात शेवटी, मशीन बंद करायच्या आत, त्यांनी एक कडवं घातलं...

"होडीला कोनाचा नाव गो, नाव गो,
कोनाचे तोंडाला कुलूप?
नावाला रुसली ननंद गो, ननंद गो,
तिला वाढा वाटीभर तूप!"

दाराआड प्रीतल ओढणी तोंडात कोंबून उभी. म्हटलं, हे कडवं रेडिओवर गेलं तर संपलंच! मी जितेंद्ररावांना कोपर मारलं. त्यांना वाटलं मला गाणं आवडलं! परतीच्या वाटेवर मागून सांगतायत, "होडीवरचं नाव... काय प्रतीक आहे बघा! माणूस जातो, नाव राहतं." म्हटलं, साहेब, नाव राहिलं नाही, तोच तर घोटाळा आहे! पण ऐकतो कोण? वाऱ्यात चंद्र ऐकू येतो, माझं बोलणं ऐकू येत नाही.

सुझाननं ते ऐकलं आणि खुर्चीतून उठली. दोन्ही रेकॉर्डिंग तिनं कॉम्प्युटरवर एकात एक गुंफली, हिचं कडवं, तिचं उत्तर, हिचं कडवं, तिचं उत्तर. ऐकताना वाटावं दोघी एकाच ओट्यावर बसल्यात. म्हणाली, "काका, शनिवारी हेच लावायचं." जितेंद्रराव हबकले. "अहो, पण माझा कार्यक्रम विज्ञानाचा आहे!" शेवटी तडजोड झाली. आधी ते ध्वनिलहरींवर बोलणार, थोडंच, मग गाणं.

शनिवार आला. मी होतोच, स्कूटर माझीच ना. स्टुडिओतल्या काचेआड जितेंद्रराव, इस्त्रीचा शर्ट, समोर चेंडू आणि नवीन मोसंबं, कशाला ते देवालाच ठाऊक. ध्वनिलहरी झाल्या. जरा जास्तच झाल्या. सुझाननं बाहेरून गळ्यावर हात फिरवून दाखवला, म्हणजे आटपा. आणि गाणं सुरू झालं. गाणं संपलं ते त्या तुपाच्या कडव्यावर. जितेंद्रराव माइकजवळ गेले, म्हणाले, "श्रोतेहो, लोककवीची प्रतिभा बघा..."

आणि फोन वाजला.

"मी पाचूबंदरवरून लिली बोलते. ते शेवटचा कडवा गान्यात नाय! ते तिनं घुसवला!"

आता कार्यक्रम थेट चाललेला, फोन स्पीकरवर, सगळ्या जगाला ऐकू जातोय! जितेंद्रराव म्हणतायत, "ताई, लोकगीतात पाठभेद असतात..." "पाठ काय आनि पोट काय, उत्तर मी देते, ऐका!"

"तूप नको मना तुजा गो, तुजा गो,
माजे घरान हाय लोनी,
बापाचे होडीवं बदलला नाव
तवा इचारला मना कोनी?"

हसत होतो हो आम्ही, पण शेवटच्या ओळीला तो खणखणीत आवाज जरासा हलला. 'तवा इचारला मना कोनी?' सुझानचं हसू थांबलं. माझंही थांबलं. इतकी वर्षं धरलेला राग म्हणजे एवढाच प्रश्न होता हो, मला कोणी विचारलं का?

तेवढ्यात जितेंद्ररावांच्या खिशातला मोबाईल वाजला. कार्मिनबाई! चहा पिताना नंबर दिलेला. स्टेशनला फोनची लाइन एकच, ती लिलीबाईंनी धरलेली, मग करतात काय? मोबाईल स्पीकरवर टाकून धरला माइकसमोर. डाव्या हाताला नणंद, उजव्या हाताला भावजय, मध्ये हे, आणि बोलायची सोय नाही! सुझान माइकवरून सांगतेय, "दोघींनी घरातले रेडिओ बंद करा, फोनवरच ऐका," आणि पलीकडून कार्मिनबाईंनी सुरुवात केलीसुद्धा...

"नाव मी नाय गो लिवला, लिवला,
तुजे भावाची अक्कल सारी,
मीपन बघितली होडी तवाच गो
जवा रंग सुकला दारी!"

म्हणजे ऐकलंत? या बाईला माहीतच नव्हतं! फ्रेडरिकनं बायकोला खूश करायला परस्पर लिहिलं, आणि सापडली कोण, तर बायको! लिलीबाई गाणं सोडून साध्या बोलण्यात म्हणाल्या, "मंग सांगितला का नाय इतकी वरसां?"

"तू इचारलास कवा?" कार्मिनबाई म्हणाल्या.

त्या वेळी जेट्टीवर काय झालं ते मला नंतर कळलं. लिलाव थांबलेला, सगळे एका ट्रान्झिस्टरभोवती, आणि हे वाक्य आल्यावर सगळ्यांच्या माना एकदम फ्रेडरिककडे वळल्या. बिचारा जाळं दुरुस्त करत बसलेला. उठला, होडीत चढला, म्हणाला, "जरा इंजिन बघून येतो," आणि निघून गेला पार खाडीच्या तोंडाशी.

इकडे स्टुडिओत शांतता. रेडिओवरची शांतता म्हणजे काय असते हे तुम्हाला बाहेरून कळायचं नाही. सुझानचा चेहरा पांढराफटक. आणि जितेंद्रराव... त्यांनी तोंड उघडलं. मला कळलं, आता हा माणूस शांततेची व्याख्या सांगणार. सुझान दार ढकलून आत झेपावली आणि आपल्या हातानं तिनं त्यांचं तोंड बंद केलं! वहिनी घरी रेडिओ ऐकत होत्या, त्यांना हे दिसलं नाही, नाहीतर त्या पोरीची खणानारळानं ओटी भरायला आल्या असत्या.

मग लिलीबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "शेवटचा राहिला." कार्मिनबाई म्हणाल्या, "राहिला." गाण्यातलं शेवटचं कडवं दोघींनी मिळून म्हणायचं असतं, एकीनं घागर उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवायची तेव्हा. आणि दोघींनी सुरू केलं...

"उचल गो घागर, उचल गो बाय,
हात दे माजे हाताला,"

पण जमेना! अहो, एक पुढे, एक मागे, नुसता गोंधळ. लिलीबाई थांबल्या. "तू मागं राहिलीस!" कार्मिनबाई म्हणाल्या, "मी? मागं तू राहिलीस!" पुन्हा सुरू, पुन्हा तेच. "आता जाणूनबुजून करतेस!" "तुलाच गायचा नाय!" संपलं. इतकं जवळ आलेलं तारू फुटणार! काचेबाहेर मी कपाळाला हात लावला. सुझाननं जितेंद्ररावांच्या तोंडावरचा हात काढला, कारण आता जगबुडीच व्हायची तर होऊ दे.

आणि तुम्हाला सांगतो, जितेंद्रराव गोलतकर जन्मात पहिल्यांदा थोडक्यात बोलले.

"ताई, दोघी बरोबर गाताय. मागे राहतोय तो फोन. आवाज इथं आगाशीला येतो, फिरून परत जातो, त्याला वेळ लागतो. म्हणून हिला ती मागे वाटते आणि तिला ही मागे वाटते. चूक कुणाचीच नाही. फोनवर हे कधीच जुळणार नाही. त्यासाठी एका जागी उभं राहावं लागेल."

बस्स. एवढंच. चंद्र नाही, मोसंबं नाही.

 मग लिलीबाईंच्या फोनवर काहीतरी आपटल्याचा आवाज. चपलांचा आवाज. कोंबडी ओरडल्याचा आवाज. कोणीतरी पोर ओरडलं, "चालली, चालली!" मग दार करकरलं, पण ते ऐकू आलं कुठून? तर उजव्या हातातल्या मोबाईलमधून, कार्मिनबाईंच्या घरातून! आणि त्याच मोबाईलमधून, अगदी जवळून, लिलीबाईंचा आवाज...

"सरक जरा. तोंड कुटं हाय या फोनला?"

"इथं. वाईच वाक."

आणि मग ते कडवं आलं हो...

"उचल गो घागर, उचल गो बाय,
हात दे माजे हाताला,
एकलीचे डोक्याव चढं ना घागर गो,
दोगी लागतात पान्याला!"

काय जुळलं म्हणता! एक खणखणीत, एक बारीक, केसाएवढी फट नाही. मागे प्रीतल हुंदके देत हसतेय की हसत हुंदके देतेय, गल्लीतल्या बायका टाळ्या वाजवतायत, कोणीतरी थाळी बडवतंय. सुझान डोळे पुसतेय. आणि जितेंद्रराव दोन्ही हातांत दोन फोन धरून उभे, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात रिकामा नाही! मी आत जाऊन पुसलं. कार्यक्रम विज्ञानाचा, आणि मी निवृत्त माणसाचे डोळे पुसतोय!

लग्न दणक्यात झालं. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. घागर कार्मिनबाईंच्या डोक्यावर लिलीबाईंनी ठेवली, आणि विहिरीपासून मांडवापर्यंत एकमेकींना असं काही चिडवलं की नवऱ्याकडची माणसं आपलं उत्तर द्यायचंच विसरली. फ्रेडरिक लांबून हळूच म्हणाला, "होडी परत रंगवू का, दोन्ही नावां टाकू?" दोघी एका सुरात, केसाएवढी फट न ठेवता, ओरडल्या, "ब्रशाला हात लावू नको!"

जितेंद्ररावांना वाटलं, आता झालं, आता आपण आपल्या विषयाकडे वळू. रात्रंदिवस तयारी केली. समुद्राचं टिपण, चंद्राच्या कला, उधाण कधी, भांगाची, म्हणजे लहान भरती कधी, सगळं पाठ. वहिनींना इतकं ऐकवलं की त्या झोपेत पौर्णिमा म्हणायला लागल्या. शनिवारी सकाळी माइकसमोर बसले, सुझाननं खूण केली, लाल दिवा लागला. जितेंद्ररावांनी खोल श्वास घेतला. "श्रोतेहो, आपली पृथ्वी आणि चंद्र..."

फोन वाजला.

"हॅलो, साहेब? अर्नाळ्यावरून लेस्टर बोलतो. आम्ही दोघं भाऊ, कुंपणावरून भांडण, तोंड बघत नाय एकमेकांचं. तुमच्याकडे समेट करून देतात ना? पण साहेब, गाता आम्हाला दोघांनाबी येत नाय. मी ट्रम्पेट वाजवतो, तो ढोल. चालंल?"

जितेंद्ररावांनी सुझानकडे बघितलं. काचेतून माझ्याकडे बघितलं. मग चंद्राचे सगळे कागद नीट जुळवून बाजूला ठेवले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले,

"फोन जरा लांब धरा. ट्रम्पेटचा आवाज जवळून फाटतो."